सात हंडे कुणाच्या घरी?

सहावीच्या वर्गात सरासरी शिकवून झाली होती. बेरीज करा, संख्येने भागा, उत्तर लिहा. मुलांना ते सहज जमले. मग पुस्तकातल्या उदाहरणांचा कंटाळा आला म्हणून मी म्हटले, "आपलीच आकडेवारी घेऊ. तुमच्या घरी रोज किती हंडे पाणी येते ते उद्या मोजून या." उन्हाळा तोंडावर आला होता, त्यामुळे मोजायला वेगळे कष्ट नव्हते, बहुतेक घरांतले निम्मे हंडे मुलेच भरून आणत होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या सहा जणांचे आकडे फळ्यावर लिहिले : ४, ५, ६, ५, ४ आणि १८. बेरीज ४२, भागिले ६, सरासरी ७ हंडे. उत्तर पूर्णांकात आले म्हणून मी खूश होते. तेवढ्यात मागून एका मुलीने विचारले, "पण बाई, सात हंडे कुणाच्याच घरी येत नाहीत. मग हे सात हंडे कुणाचे?"

प्रश्न रास्त होता. सहापैकी पाच घरांत सातपेक्षा कमी पाणी येत होते आणि सहाव्या घरात स्वतःची बोअरवेल होती. गणित बरोबर होते, पण त्या गणिताने वर्गाला काय सांगितले? मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. ते शोधताना एक जुनाच प्रश्न समोर आला : माणसाला सरासरीची गरज मुळात पडली कशासाठी? आणि आकड्यांचे खांब उभे करायची कल्पना कुणाला सुचली? या दोन्ही गोष्टींचा इतिहास वर्गात उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

खड्ड्याच्या तळाशी

इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, असा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आणला. म्हणजे हा ग्रंथ आपल्याला परका नाही. 'लीलावती'त 'खातव्यवहार' नावाचे प्रकरण आहे. खात म्हणजे खणलेली जागा : तळे, खंदक, विहीर.

खणलेला खड्डा कधीच पेटीसारखा चौकोनी नसतो. कडा तिरक्या असतात, तळ वरखाली असतो. मग किती माती काढली हे कसे ठरवायचे? भास्कराचार्यांचे उदाहरण असे आहे : एका खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी मोजली तर १०, ११ आणि १२ हात भरली. रुंदी तीन ठिकाणी ६, ५ आणि ७ हात. खोली २, ४ आणि ३ हात. तर त्याचे घनफळ किती? रीत अशी की, प्रत्येक मापाची बेरीज करून जितक्या ठिकाणी मोजले त्या संख्येने भागायचे. लांबी ११, रुंदी ६, खोली ३. घनफळ १९८ घनहात. या सरासरी मापाला त्यांनी 'सममिती' असा शब्द वापरला आहे. 'लीलावती'च्या एका टीकाकाराने पुढे असेही नोंदवले की, जितक्या अधिक ठिकाणी मोजाल तितकी सममिती खऱ्याच्या जवळ जाते. आज संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात आपण हेच शिकवतो.

याच्याही पाचशे वर्षे आधी, इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त अशा खातांचा नियम दिला होता. त्यावरच्या पृथूदकस्वामीच्या टीकेतले उदाहरण तर वर्गात जरूर सोडवून पाहावे. ३० हात लांब आणि ८ हात रुंद अशी एक जागा खणली आहे. लांबीच्या दिशेने तिचे पाच भाग पडतात : ४, ५, ६, ७ आणि ८ हातांचे. त्यांची खोली अनुक्रमे ९, ७, ७, ३ आणि २ हात आहे. सरासरी खोली किती?

मुले लगेच खोलींची बेरीज करतील : २८. भागिले ५, म्हणजे ५.६ हात. यावरून घनफळ ३० × ८ × ५.६ = १३४४ घनहात येते. पण प्रत्येक भागाचे घनफळ वेगळे काढून बेरीज केली, तर ते भरते १२०० घनहात. १४४ घनहात माती जास्त आली कुठून? चूक भागाकारात नाही, भागाकाराच्या आधी आहे. नऊ हात खोल असलेला भाग फक्त ४ हात लांब आहे आणि दोन हात खोल असलेला भाग ८ हात. दोघांना सारखेच वजन देऊन चालणार नाही. म्हणून प्रत्येक खोलीला त्या त्या लांबीने गुणायचे : ३६ + ३५ + ४२ + २१ + १६ = १५०. त्याला ३० ने भागले की ५ हात. ३० × ८ × ५ = १२००. हिशेब जुळला.

जिथे खणकऱ्याची मजुरी मातीच्या मापावर ठरते, तिथे हा फरक कागदावरचा राहत नाही. १४४ घनहातांची मजुरी कुणाच्या तरी खिशातून जाते आणि कुणाच्या तरी खिशात पडते.

इथे सरासरीचा अर्थ अगदी डोळ्यांना दिसतो. खड्ड्याचा उंचसखल तळ मनातल्या मनात सारखा केला, उंचवट्याची माती खोलगटात टाकली, तर जी एकसारखी खोली येईल ती सरासरी. मुलांना 'बेरीज भागिले संख्या' सांगण्याआधी हे 'सारखे करणे' हाताने करू द्यावे. वाळूच्या ट्रेमध्ये उंचवटे करून पट्टीने सपाट केले तरी पुरते.

सोळा माणसांचे पाऊल

सोळाव्या शतकात जर्मनीत याकोब क्योबेल याने जमीनमोजणीवर एक पुस्तक लिहिले. मोजणीची काठी किती लांबीची धरायची, हा त्या काळी वादाचा विषय होता, कारण 'फूट' म्हणजे पाऊल आणि पाऊल तर प्रत्येकाचे निराळे. क्योबेलने सांगितलेली युक्ती अशी : रविवारी चर्चमधून लोक बाहेर पडतात, तेव्हा दाराशी उभे राहावे. जे सोळा पुरुष येतील त्यांना थांबवावे. उंच, ठेंगू, जसे येतील तसे घ्यावे, निवडू नये. त्यांना डावे पाऊल एकापुढे एक, टाचेला अंगठा लावून ठेवायला सांगावे. जी लांबी भरेल ती मोजणीची काठी आणि तिचा सोळावा भाग म्हणजे एक फूट.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, इथे कुणी आकड्यांची बेरीज केलेली नाही. सोळा पावले जमिनीवर ओळीने ठेवली हीच बेरीज, आणि दोरीला चार वेळा दुमडले की सोळा भाग पडतात, हाच भागाकार. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे : 'जसे येतील तसे घ्यावे, निवडू नये.' माझ्या ओळखीचे, माझ्या सोयीचे, असे घेतले तर ते माप सगळ्यांना मान्य होणार नाही.

आपल्याकडे वापरात असलेला 'सरासरी' हा शब्द फारसीतून आला आहे. 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकूण पाहता. इंग्रजीतल्या 'अ‍ॅव्हरेज' शब्दाचा प्रवास मात्र समुद्रावरून झाला. भूमध्य समुद्रात वादळात गलबत वाचवण्यासाठी काही माल पाण्यात फेकावा लागे. ज्याचा माल गेला त्यानेच ते नुकसान सोसायचे का? नाही. गलबतावर ज्यांचा ज्यांचा माल होता, ते सगळे आपापल्या वाट्याप्रमाणे ते नुकसान वाटून घेत. या नुकसानीला आणि तिच्या वाटणीला जो शब्द होता, त्यातून पुढे 'अ‍ॅव्हरेज' हा शब्द आला. म्हणजे मुळात त्यात केवळ गणित नव्हते, वाटून घेण्याचा करार होता. माझ्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे मिळाले.

गिन्यांचे ढीग

आता स्तंभालेखाकडे वळू. विल्यम प्लेफेअर याचा जन्म १७५९ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. वडील लवकर वारल्याने थोरला भाऊ जॉन याने त्याला शिकवले. हा जॉन पुढे एडिंबरोत गणिताचा प्राध्यापक झाला. जॉनने लहान विल्यमला रोजचे तापमान मोजून ते आकड्यांऐवजी रेषांच्या लांबीने नोंदवायला लावले होते. जे आकड्यात सांगता येते ते रेषेनेही दाखवता येते, हा धडा आपण भावाकडून घेतला, असे विल्यमने पुढे कृतज्ञतेने लिहिले आहे. रोजच्या साध्या नोंदीतून एक मूल काय शिकू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. विल्यमने पुढे जेम्स वॉटच्या हाताखाली आराखडे काढण्याचे काम केले आणि १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचा एक आगळा अ‍ॅटलास काढला. त्यात देशांचे नकाशे नव्हते, आकड्यांची चित्रे होती.

चित्राने आकडे कसे दिसतात हे वाचकांना पटवण्यासाठी त्याने एक सोपे उदाहरण दिले. समजा, एका व्यापाऱ्याला सगळे पैसे गिनी नावाच्या नाण्यांतच मिळतात. रोज संध्याकाळी तो दिवसभराच्या गिन्यांचा एकावर एक ठेवून ढीग करतो. असे रोजचे ढीग ओळीने ठेवले, तर प्रत्येक ढीग म्हणजे एक दिवस आणि ढिगाची उंची म्हणजे त्या दिवसाची आवक. वही उघडायची गरज नाही, टेबलाकडे पाहिले की धंद्याची चढउतार दिसते.

या ढिगांत स्तंभालेखाचे सगळे नियम आहेत. सगळी नाणी सारख्या जाडीची हवीत, म्हणजे प्रमाण एकच हवे. सगळे ढीग एकाच टेबलावर हवेत, म्हणजे आधाररेषा एकच हवी आणि ती शून्यापासून हवी. एक ढीग टेबलावर आणि दुसरा पुस्तकावर ठेवला तर डोळ्यांची फसगत होते. वर्तमानपत्रांत काही स्तंभालेख मध्येच, ९० किंवा ९५ पासून सुरू होतात आणि एवढासा फरक दुप्पट-तिप्पट दिसतो. ढिगांचे बूड कापून टाकले आहे, हे मुलांना मग लगेच ओळखता येते.

गंमत अशी की, या अ‍ॅटलासातल्या ४४ चित्रांपैकी ४३ रेषालेख होते आणि स्तंभालेख केवळ एक. तोही नाइलाजाने काढलेला! इंग्लंडच्या व्यापाराचे अनेक वर्षांचे आकडे प्लेफेअरला मिळाले होते. स्कॉटलंडचे मात्र १७८०च्या नाताळपासून १७८१च्या नाताळपर्यंतचे, एकाच वर्षाचे. एका वर्षाची रेषा काढणार कशी? म्हणून त्याने सतरा ठिकाणांची नावे लिहून प्रत्येकापुढे दोन आडव्या पट्ट्या काढल्या, एक आयातीची आणि एक निर्यातीची. आपण ज्याला जोडस्तंभालेख म्हणतो तोच हा. काळाचा प्रवाह दाखवत नाही म्हणून हे चित्र कमी उपयोगाचे आहे, अशी कबुलीही त्याने दिली. आज जगभरच्या शाळांत मुले पहिल्यांदा काढतात ते हेच 'कमी उपयोगाचे' चित्र. अपुऱ्या माहितीची लाज न बाळगता, जेवढी आहे तेवढी प्रामाणिकपणे मांडायची ठरवल्यामुळे ते जन्माला आले.

बुधचा मुलगा आणि शेतातली चौकट

तिसरी गोष्ट आपल्या मातीतली आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी काढली तर ती दोघांनाही लागू पडत नाही. याच कोरड्या पूर्व भागात, खटाव तालुक्यातल्या बुध गावी, १९११ मध्ये पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. पुण्यात आणि नंतर लंडनमध्ये शिकून ते संख्याशास्त्रज्ञ झाले.

त्या काळी गावाचे पीक किती आले हे नजरेने ठरत असे. 'सोळा आणे पीक' म्हणजे पूर्ण पीक. यंदा आठ आणे की सहा आणे, हे अंदाजाने लिहायचे. हीच ती आणेवारी, नंतरची पैसेवारी. तिच्यावर शेतसाऱ्याची सूट अवलंबून असे. पण नजर माणसाची असते. रस्त्याकडेची शेते तिला आधी दिसतात, आतली दिसत नाहीत.

यावर उपाय म्हणून प्रत्यक्ष पीक कापून वजन करण्याचे प्रयोग सुरू झाले. १९२०च्या दशकात बिहार-ओरिसात हबॅक यांनी, पुढे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी आणि १९४०च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी ते केले. रीत अशी : गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, त्यांतली शेते तशीच निवडायची, शेतातली जागाही तशीच. मग दोरीने चौकट आखून तेवढेच पीक कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. क्योबेलचे 'जसे येतील तसे घ्यावे' हेच तत्त्व, पण आता ते चर्चच्या दाराऐवजी शेताच्या बांधावर आले.

चौकट केवढी असावी, यावर सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. छोटी चौकट स्वस्त आणि झटपट. पण सुखात्म्यांनी दाखवून दिले की, छोट्या चौकटीतून उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त निघते. कारण साधे आहे. दोरीवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. चौकट जितकी लहान, तितकी तिच्या मानाने कड जास्त. हे मुलांना मोजता येईल : १ मीटर बाजूच्या चौरसाला १ चौरस मीटरमागे ४ मीटर कड असते. १० मीटर × ५ मीटरच्या चौकटीची कड ३० मीटर आणि क्षेत्र ५० चौरस मीटर. म्हणजे १ चौरस मीटरमागे केवळ ०.६ मीटर. परिमितीचा आणि क्षेत्रफळाचा संबंध कशासाठी शिकायचा, याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

आज पीक विम्याची भरपाई अशाच पीक कापणी प्रयोगांतून आलेल्या सरासरीशी जोडलेली असते. एकेका शेताचे नव्हे, तर महसूल मंडळासारख्या मोठ्या क्षेत्राचे सरासरी उत्पन्न पाहिले जाते. ज्याचे शेत गारपिटीत झोपले पण मंडळाची सरासरी चांगली निघाली, त्याच्या पदरात या हिशेबातून काही पडत नाही. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी घरात याच विषयावरचे बोलणे ऐकलेले असते. त्यांना 'सरासरी' हा शब्द पुस्तकातून नव्हे, आधी घरातून कळलेला असतो.

पुन्हा सात हंडे

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. खड्ड्यातली माती शेवटी एकाच ढिगाऱ्यात जाते, म्हणून तिथली सरासरी खरी आहे. गलबतावरच्या व्यापाऱ्यांनी नुकसान वाटून घ्यायचे आधीच ठरवले होते, म्हणून तिथेही ती खरी आहे. सहा घरांचे ४२ हंडे एकत्र ओतून सारखे वाटले असते, तर प्रत्येकाला ७ मिळाले असते. पण ते कुणी वाटले नाहीत. पाणी सारखे झाले ते फक्त आपल्या वहीत. 'सात हंडे कुणाचे?' याचे उत्तर, 'वाटून घेतले असते तर सगळ्यांचे. वाटून घेतले नाहीत म्हणून कुणाचेच नाहीत.'

मी नंतर वर्गात हे करून पाहिले. काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यांचे सहा ढीग मुलांनी टेबलावर रचले : ४, ५, ६, ५, ४ आणि १८. प्लेफेअरचे टेबल तयार झाले. अठराचा खांब पाहून कुणाला काही सांगावे लागले नाही. मग मुलांनी उंच ढिगातली खोकी काढून बाकीच्यांवर ठेवली. सगळे ढीग सात-सात झाले आणि सरासरी हाताला कळली. त्यानंतर पुन्हा मूळचे ढीग रचून आकडे चढत्या क्रमाने लावले : ४, ४, ५, ५, ६, १८. मधले दोन ५ आणि ५, म्हणून मध्यक ५. 'आमच्या घरासारखे घर' दाखवायला सातपेक्षा पाच बरे, असे मुलांनीच ठरवले. वरच्या वर्गात मध्यक शिकवताना व्याख्येऐवजी इथून सुरुवात करता येईल.

दैनंदिन आकडे वर्गात आणताना तीन प्रश्न सोबत ठेवावेत, असे मला वाटते. हे आकडे कसे निवडले : जसे आले तसे की सोयीचे? ढिगांचे बूड एकाच टेबलावर आहे ना? आणि जे आपण कागदावर सारखे केले, ते प्रत्यक्षात वाटले जाते का? पहिले दोन प्रश्न गणिताचे आहेत. तिसराही गणिताचाच आहे, पण तो विचारायला मुले बहुधा आपली वाट पाहत नाहीत. फक्त, मागच्या बाकावरून तो आला की तास संपला म्हणून पुढे जाऊ नये.